जेडी-एमबीए एकत्र करावं का? आधी सांग, पहिली नोकरी कुठली धरणार?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशावर बोलतोय ते. तू अमेरिकेत तीन वर्षं कन्सल्टिंगमध्ये ॲनालिस्ट आहेस, ग्रीन कार्ड आहे, यंदा लॉ स्कूलला (जेडी म्हणजे तिथली वकिलीची पदवी) ॲप्लाय करतोयस, आणि ऑफिसातले सगळे म्हणतायत की लॉ करतोच आहेस तर सोबत एमबीए पण उरकून टाक, एक वर्षच तर जास्त. आणि तू विचारतोयस, ताई, हे एक वर्ष वसूल होतं का, आणि करायचंच तर कुठलं आधी.

मी स्वतः चार वर्षांचं जेडी-एमबीए केलंय, २००९ ला बाहेर पडले (मुहूर्त बघ काय होता, ऐन मंदीत), मग नऊ वर्षं एका लॉ फर्ममध्ये एम अँड ए, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं काम, केलं, आता एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत जनरल कौन्सिल, म्हणजे मुख्य वकील, आहे. गेल्या काही वर्षांत अशा जोड डिग्रीवाल्या मुलामुलींचे इंटरव्ह्यू पण भरपूर घेतलेत. त्यामुळे जरा स्पष्टच लिहिणार आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

सगळ्यात आधी स्वतःला हे विचार की एमबीए नावाची गोष्टच नसती तरी मी तीन वर्षं लॉ स्कूलमध्ये बसलो असतो का? हो असेल तर पुढे वाच. "अं, बहुतेक नाही, पण डिग्री असलेली बरी" असं काहीतरी येत असेल तर जेडी करूच नकोस, नुसतं एमबीए कर आणि दोन वर्षांत मोकळा हो. कारण या जोडीतलं जड ओझं लॉचं आहे. पहिलं वर्ष, म्हणजे वन-एल, काँट्रॅक्ट्स, टॉर्ट्स, सिव्हिल प्रोसिजर, प्रॉपर्टी, क्रिमिनल, कॉन्स्टिट्यूशनल आणि वर लीगल रायटिंग, बहुतेक विषयांत सेमिस्टरभर एकही मार्क नाही आणि शेवटी एकच परीक्षा, ती पण कर्व्हवर, म्हणजे ग्रेड एकमेकांच्या तुलनेत. रोज साठ-सत्तर पानं निकाल वाचायचे आणि वर्गात कुणालाही नाव घेऊन उभं करतात. हे ज्याला आवडतं त्याला प्रचंड आवडतं, ज्याला नाही त्याला तीन वर्षं तुरुंग. एमबीएची लालूच दाखवून स्वतःला त्यातून ओढत नेणारी मुलं मी पाहिलीत, त्यातली अर्धी पुढे वकिली करत नाहीत आणि कर्ज मात्र वकिलाचं फेडतात.

आता हे चार वर्षांत बसतं कसं ते सांगते, कारण तिथे लोकांचे गैरसमज फार. जेडी तीन वर्षं, एमबीए दोन वर्षं, बेरीज पाच, मग एक वर्ष गेलं कुठे? ते क्रेडिटच्या हिशोबात गेलं. अमेरिकन बार असोसिएशनचा नियम असा की जेडीला किमान ८३ क्रेडिट लागतात, आणि त्यातली किमान ६४ लॉ स्कूलच्या नियमित वर्गांची किंवा तिथल्या प्राध्यापकांनी थेट शिकवलेल्या कामाची हवीत. राहिली १९. एमबीएचे कोर्स या १९ मध्ये बसवतात, उलट एमबीएवाले पण तुझे काही लॉचे कोर्स स्वतःकडे धरतात, आणि असं दोन्हीकडून कापून वर्ष वाचतं. प्रत्यक्षात शाळा १९ च्या १९ सहसा देत नाहीत, कमीच देतात. आणि इथेच घोडं पेंड खातं: लॉ रिव्ह्यू (विद्यार्थ्यांचं कायद्याचं नियतकालिक), मूट कोर्ट (सरावाचे खटले), कोर्टात किंवा सरकारी ऑफिसात केलेली एक्सटर्नशिप, यांची क्रेडिटं पण त्याच १९ मधून जातात. म्हणजे एमबीए घेतलंस की जज्जकडे एक सेमिस्टर काम करायची जागा हिशोबात उरेलच असं नाही. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये ठळक लिहिलेलं नसतं, रजिस्ट्रारला विचारावं लागतं. मला तिसऱ्या वर्षी कळलं तेव्हा एक्सटर्नशिप सोडून द्यावी लागली, आणि त्याची हळहळ अजून आहे.

तीन वर्षांत दोन्ही संपवायचे प्रोग्रॅम पण आहेत. नॉर्थवेस्टर्न, पेनसिल्व्हेनिया, येल, कोलंबिया, यांच्याकडे तीन वर्षांचा रस्ता आहे. हार्वर्डचा चार वर्षांचाच. तीनवाल्यात पैसे आणि वर्ष दोन्ही वाचतं हे उघड आहे, पण उन्हाळे दोनच मिळतात, आणि काही ठिकाणी त्यातला एक क्लासेसमध्ये जातो. उन्हाळा म्हणजे इथे सुट्टी नव्हे हे तुला माहीत आहेच, उन्हाळा म्हणजे नोकरीची ट्रायल. चार वर्षांत तीन उन्हाळे मिळतात, एक लॉ फर्म, एक बिझनेस, एक चुकायला. तुझ्यासारख्याला, ज्याने आधीच तीन वर्षं बिझनेसचं काम केलंय, चुकायला उन्हाळा कशाला हवा? मला विचारशील तर तुझ्या केसमध्ये तीन वर्षांचा मिळाला तर घे, चार वर्षांचा मिळाला तर दहादा विचार कर.

का ते आकड्यात सांगते. मोठ्या खाजगी युनिव्हर्सिटीत फी आणि राहणं-खाणं धरून वर्षाला एक लाख डॉलरच्या पुढे जातं. आणि मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाच्या असोसिएटचा, म्हणजे ज्युनियर वकिलाचा, पगार आज २ लाख २५ हजार डॉलर आहे, बोनस वेगळा. म्हणजे ते "एकच तर वर्ष" तुला सव्वातीन लाखाला पडतं (टॅक्स जाऊन कमी, मान्य, पण तरी). तू मला मेसेजमध्ये एक लाख लिहिलंस, त्यात फक्त फी आणि खर्च धरलास, बुडालेला पगार धरलाच नाहीस, आणि तू कन्सल्टिंगवाला, लाज वाटली पाहिजे. 😄 बरं, हे सव्वातीन लाख परत कधी येतात? फर्ममध्ये तर नाहीच, तिथे सगळे पायरीने चढतात, तुझ्याकडे एमबीए आहे म्हणून पहिल्या वर्षी सहसा कुणी एक डॉलर जास्त देत नाही. शेजारच्या टेबलावर नुसती जेडीवाली बसलेली असते, तोच पगार, तेच काम, आणि ती तुझ्याहून एक वर्ष पुढे.

कर्जाचं पण बघ, कारण नियम बदललेत. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस (पदव्युत्तर शिक्षणासाठीचं फेडरल सरकारचं कर्ज) बंद. प्रोफेशनल डिग्रीला फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाखांपर्यंत, साध्या ग्रॅज्युएट डिग्रीला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाखापर्यंत. लॉ पहिल्या खात्यात बसतं, एमबीए दुसऱ्या. आता तू दोन्हीत नाव घातलेला, तर कुठल्या वर्षी कुठल्या खात्यात धरला जाणार हे ॲडमिशन घ्यायच्या आधी फायनान्शियल एड ऑफिसला विचार, आणि उत्तर लेखी घे. फोनवरच्या उत्तरावर जाऊ नकोस. वरचे पैसे बँकेकडून घ्यावे लागतील, तिथे व्याज आणि को-सायनर (जामीनदार) दोन्ही प्रश्न येतात.

एवढं सगळं रडगाणं गायल्यावर तू म्हणशील मग तुम्ही का केलंत. आणि आज परत संधी मिळाली तर? करीन. कारण उशिरा का होईना, कामाला आलं, आणि ते कसं आलं ते एका डीलवरून सांगते.

मी फर्ममध्ये तिसऱ्या वर्षाला होते, आम्ही विकत घेणाऱ्याच्या बाजूने. टार्गेट, म्हणजे विकली जाणारी कंपनी, बागकामाचं सामान बनवायची, म्हणजे धंदा सगळा वसंतात आणि उन्हाळ्यात. डील कॅश-फ्री डेट-फ्री, म्हणजे खात्यातली रोकड विकणारा घेऊन जाणार, कर्ज पण तोच फेडणार, आणि कंपनीत "नॉर्मल" वर्किंग कॅपिटल (रोजचा धंदा चालवायला लागणारा माल आणि येणी, वजा देणी) ठेवून जाणार. ते नॉर्मल म्हणजे किती, त्याला पेग म्हणतात. क्लोजिंगच्या दिवशी पेगपेक्षा कमी निघालं तर किंमत तेवढी कमी होते, जास्त निघालं तर वाढते. विकणाऱ्याच्या वकिलांनी ड्राफ्टमध्ये एक ओळ घातली होती की पेग म्हणजे सगळ्यात अलीकडच्या महिनाअखेरीच्या बॅलन्स शीटवरचा आकडा. आमच्याकडच्या तिघांनी ती ओळ वाचली आणि पुढे गेले, कारण वकिलाच्या डोळ्यांना ती चांगलीच दिसते, ताजा आकडा आहे, स्पष्ट आहे, वादाला जागा नाही.

पण ती महिनाअखेर होती ऑक्टोबरची. सीझन संपलेला, गोडाऊन रिकामं, दुकानदारांकडची येणी वसूल होऊन रोख झालेली, आणि रोख तर विकणारा नेणार. वर्षाची सरासरी बघितली तर वर्किंग कॅपिटल ८० लाख डॉलर, आणि ऑक्टोबर अखेर ५०. क्लोजिंग नोव्हेंबरात, तेव्हाही ५०. म्हणजे पेग ५०, प्रत्यक्ष ५०, फरक शून्य, सगळे हात मिळवून घरी, आणि फेब्रुवारीत आमच्या क्लायंटला नवीन सीझनचा माल भरायला खिशातून ३० लाख घालावे लागणार. हे मला काही हुशारीने नाही दिसलं, एमबीएत ऑपरेशन्सच्या क्लासमध्ये आम्हाला असल्याच एका सीझनल धंद्याचा महिन्यामहिन्याचा कॅश फ्लो हाताने मांडायला लावला होता, अख्खी रात्र घालवली होती त्यात, ते डोक्यात बसलेलं. रात्री अकरा-साडेअकराला पार्टनरला फोन केला, ती आधी वैतागली, मग दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली की ओळ लिहून पाठव. मी "मागच्या बारा महिन्यांची सरासरी" अशी व्याख्या लिहिली. समोरच्यांनी दोन दिवस भांडण केलं आणि शेवटी ७५ वर तोडलं. पंचवीस लाख डॉलर एका ओळीत.

बघ, यात दोन्ही डिग्र्या लागल्या. नुसत्या फायनान्सवाल्याच्या मॉडेलमध्ये तो सीझन होताच, क्लायंटच्या ॲनालिस्टकडे महिन्यामहिन्याचा तक्ता होता, पण त्याने ती ओळ असलेलं काँट्रॅक्टचं ८४ वं पान उघडलेलं नव्हतं. आणि वकिलांनी ८४ वं पान चारदा वाचलं होतं पण तक्ता उघडलेला नव्हता. या दोन फायली एकाच माणसाने उघडल्या की पैसे दिसतात. जोड डिग्रीचा उपयोग मला विचारशील तर एवढाच आहे, आणि एवढा भरपूर आहे.

दोन्हीकडच्या शिकवण्यात पण एक गंमत आहे, दोघं "केस" म्हणतात पण वस्तू वेगळी. लॉ स्कूलची केस मेथड हार्वर्डच्या लॅंगडेल नावाच्या डीनने १८७० नंतर आणली, कोर्टाचे निकाल वाचून त्यातून नियम काढायचा. हार्वर्डचं बिझनेस स्कूल निघालं १९०८ ला, आणि तिथे केस मेथड रुजवली ती वॉलेस डोनहॅम नावाच्या डीनने, १९१९ पासून, आणि हा माणूस स्वतः लॉ स्कूलचा पदवीधर. म्हणजे माहेर एकच. पण लॉची केस निर्णयाने संपते, कोण जिंकलं ते छापलेलं असतं, तुझं काम मागे जाऊन का ते शोधायचं. बिझनेसची केस निर्णयाच्या आधी संपते, सोमवारी सकाळी सीईओला उत्तर द्यायचंय, तू काय करशील, आणि माहिती अर्धीच असते. सकाळी दहाला एका वर्गात "कोर्टाने असं म्हटलं, पण पान ४१२ च्या तळटीपेत..." आणि दुपारी एकला दुसऱ्या वर्गात "पुरे, पुरे, विकत घ्यायची का नाही ते सांगा". पहिले दोन महिने मला नुसती चक्कर यायची. लॉच्या वर्गात मी उथळ वाटायची आणि एमबीएच्या वर्गात भित्री.

या दोन डोक्यांची टक्कर बघायची असेल तर स्मिथ विरुद्ध व्हॅन गॉर्कम वाच, डेलावेअर सुप्रीम कोर्ट, १९८५. आम्हाला दोन्हीकडे शिकवली होती आणि दोन्हीकडे उलटी शिकवली. ट्रान्स युनियन नावाची कंपनी, सीईओ व्हॅन गॉर्कम, शेअरचा भाव ३८ डॉलरच्या आसपास, आणि जे प्रिट्झकर नावाच्या उद्योगपतीला ५५ ला विकायचं ठरवलं. २० सप्टेंबर १९८० ला बोर्डाची मीटिंग झाली, सीईओ वीस मिनिटं तोंडी बोलला, टेबलावर कागद नाही, व्हॅल्युएशन नाही, दोन तासांत मंजूर. एमबीएच्या वर्गात सगळे म्हणाले की अहो ३८ चे ५५ मिळाले, अजून काय पाहिजे? लॉच्या वर्गात प्राध्यापक म्हणाले की ५५ चांगले का वाईट हा मुद्दाच नाही, ५५ हा आकडा आला कुठून हे डायरेक्टरांनी विचारलं का? नाही विचारलं. कोर्टाने त्यांना ढोबळ निष्काळजीपणाबद्दल स्वतःच्या खिशातून जबाबदार धरलं, शेवटी २.३५ कोटी डॉलरला मिटलं. एवढी घबराट झाली की पुढच्याच वर्षी डेलावेअरने कायदा बदलून कंपन्यांना डायरेक्टरांची अशी आर्थिक जबाबदारी माफ करायची मुभा दिली. आणि आता मजा बघ, निकालातच लिहिलंय, व्हॅन गॉर्कम स्वतः सीपीए (म्हणजे आपल्याकडचा सीए) पण होता आणि वकील पण. म्हणजे दोन्ही टोप्या डोक्यावर असून माणूस वीस मिनिटांत उरकतो! (आणि अजून एक, नॉर्थवेस्टर्नच्या लॉ स्कूलला आज प्रिट्झकर नाव आहे, २०१५ च्या दहा कोटी डॉलरच्या देणगीमुळे, देणारे जे. बी. प्रिट्झकर आणि त्यांची बायको, आणि जे प्रिट्झकर हे जे. बीं.चे काका.)

नोकरीचं. इथे मी सगळ्यात मोठी चूक केली, ती तू करू नकोस. मी तिसऱ्या उन्हाळ्यात सहा आठवडे लॉ फर्म आणि सहा आठवडे इन्व्हेस्टमेंट बँक असा वाटून घेतला, वाटलं किती हुशार आपण. फर्मने ऑफर दिली, बँकेने दिली नाही, म्हणे तुम्हाला नीट बघायला वेळच मिळाला नाही. उन्हाळा २००८ चा होता त्यामुळे सप्टेंबरनंतर त्या बँकेत नोकरी न मिळाल्याचं दुःख आपोआप गेलं, पण ते नशीब झालं, अक्कल नव्हे. आणि फर्मने पण माझी जॉइनिंगची तारीख कित्येक महिने पुढे ढकलली, त्या वर्षी बऱ्याच फर्मांनी तेच केलं.

आता टेबलाच्या पलीकडे बसल्यावर मला कळतं की इंटरव्ह्यू घेणाऱ्याच्या डोक्यात एकच शंका असते, एक ना धड भाराभर चिंध्या. फर्मला वाटतं हा दोन वर्षांत बँकेत पळणार. बँकेला, कन्सल्टिंगला वाटतं हा घाबरला की वकिलीकडे जाणार. म्हणून "मला दोन्हीची आवड आहे" हे वाक्य इंटरव्ह्यूत काढायचं नाही, कधीच नाही. फर्ममध्ये तू वकील आहेस ज्याला बॅलन्स शीट वाचता येते. कन्सल्टिंगमध्ये तू कन्सल्टंट आहेस ज्याला रेग्युलेशन वाचता येतं. आधी एक काम, मग त्याचं विशेषण. आणि हे उत्तर पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच लागतं, कारण लॉ फर्मांचं समर हायरिंग हल्ली इतकं अलीकडे आलंय की मुलं पहिल्या वर्षाच्या आतच ऑफर घेऊन बसतात, आमच्या वेळचा ऑगस्टचा बाजार आता राहिला नाही.

तसं पाहिलं तर बिझनेसमध्ये जायला नुसती जेडी पण चालते. केनेथ शेनॉल्ट, अमेरिकन एक्सप्रेसचे २००१ ते २०१८ सीईओ, हार्वर्डची जेडी, एमबीए नाही. मॅकिन्झी-बीसीजीसारख्या फर्मा जेडीवाल्यांना एमबीएच्याच पायरीवर घेतात. आणि उलट बाजूला राजकारणी मिट रॉम्नी, १९७५ ला हार्वर्डचं जेडी-एमबीए, मिशिगनची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची) पास, आणि वकिली एक दिवस केली नाही, सरळ कन्सल्टिंग. तू आधीच कन्सल्टिंगमध्ये आहेस, तिकडेच परत जायचं असेल तर ही सगळी यातायात कशासाठी ते मला खरंच कळलेलं नाही, ते एकदा नीट लिहून पाठव.

बार परीक्षेबद्दल जोड डिग्रीवाले फार गाफील असतात. शेवटचं सेमिस्टर एमबीएचं ठेवलं की मजा येते, पार्ट्या, ट्रिपा, आणि मग मे महिन्यात एकदम आठवतं की एव्हिडन्स (पुराव्याचा कायदा) शिकून अडीच वर्षं झाली. जुलैत परीक्षा. न्यूयॉर्कला युनिफॉर्म बारमध्ये ४०० पैकी २६६ लागतात, त्याशिवाय एथिक्सची एमपीआरई वेगळी, आणि वकिलीचा परवाना मिळण्याआधी ५० तास प्रो बोनो, म्हणजे फुकट कायद्याचं काम. २०२६ च्या जुलैपासून काही राज्यांत नेक्स्टजेन नावाची नवी परीक्षा येतेय, तर तू ज्या राज्यात बसणार तिथे तुझ्या वर्षी कुठली असेल ते आधी बघ आणि त्याप्रमाणे कोर्स निवड. शेवटचं सेमिस्टर लॉचं ठेव, एवढं माझं ऐकच.

अजून एक खड्डा, हा कुणी सांगत नाही. तुझे एमबीएचे वर्गमित्र स्टार्टअप काढणार, आणि ते हमखास तुझ्याकडे येणार, अरे तू लॉवाला ना, जरा फाउंडर्स ॲग्रीमेंट बघून दे, दोन टक्के इक्विटी देतो. नाही म्हणायचं. लायसन्स नसताना लीगल सल्ला देणं हा विनापरवाना वकिलीचा प्रकार आहे, आणि बारसाठी कॅरॅक्टर अँड फिटनेसची चौकशी होते तेव्हा असलं काही निघालं की घाम फुटतो. लायसन्स मिळाल्यावर पण क्लायंटशी धंदा करायचा तर नियम कडक आहेत, अटी न्याय्य हव्यात, सगळं लेखी, त्याला दुसऱ्या वकिलाचा सल्ला घे असं लिहून सांगायचं आणि त्याची सही घ्यायची. आणि पुढेमागे एमबीए मित्राला पार्टनर करून लॉ फर्म काढू असं डोक्यात असेल तर तेही जवळपास सगळ्या राज्यांत बंद आहे, वकील नसलेल्याला फर्मची मालकी चालत नाही. ॲरिझोनाने तो नियम २०२१ पासून काढला, तिथे परवानगी घेऊन चालतं.

आणि इन-हाउस, म्हणजे कंपनीचीच वकील म्हणून, आल्यावर तर दोन टोप्यांचा वेगळाच ताप. वकील-क्लायंट संवाद गोपनीय असतो, कोर्टात मागता येत नाही, हे संरक्षण कंपन्यांनाही आहे असं सुप्रीम कोर्टाने १९८१ ला अपजॉनच्या केसमध्ये सांगितलं. पण संरक्षण कायद्याच्या सल्ल्याला आहे, धंद्याच्या सल्ल्याला नाही. माझ्यासारखी बाई एकाच ईमेलमध्ये लिहिते की या सप्लायरचं काँट्रॅक्ट तोडलं तर नुकसानभरपाई किती लागेल, आणि तसंही त्यांचे भाव जास्तच आहेत, तर तोडलेलं बरं. आता हा सल्ला कशाचा? समोरचा वकील म्हणणार धंद्याचा, द्या इकडे. वर "प्रिव्हिलेज्ड" असं लिहून काही होत नाही, लोक तर लंचच्या ईमेलवर पण लिहितात. म्हणून मी आता दोन वेगळे ईमेल लिहिते, एक वकील म्हणून, एक मीटिंगमध्ये बसणारी म्हणून, आणि दुसरा शक्यतो लिहीतच नाही, उठून जाऊन बोलते. नुसत्या वकिलाला हा त्रास कमी, त्याला भावांबद्दल कुणी विचारत नाही.

राहिला क्रम. दोन्हीकडे एकदम अर्ज करायचा ताण घेऊ नकोस. नॉर्थवेस्टर्नसारख्या ठिकाणी एकच अर्ज असतो आणि जीमॅट किंवा जीआरई ही प्रवेश परीक्षा चालते, तो सोडला तर बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या ॲडमिशन कमिट्या, दोन वेगळी उत्तरं, आणि एकीकडे हो आणि दुसरीकडे नाही असं सर्रास होतं. बऱ्याच युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला लॉमध्ये असताना एमबीएचा अर्ज करता येतो. तुझ्यासाठी तेच बरं, आधी लॉ सुरू कर, दोन-तीन महिन्यांत कळेल की आवडतंय का, आवडलं आणि तरी बिझनेसची ओढ उरली तर अर्ज टाक. अडचण एकच, एमबीएची दुसऱ्या राउंडची मुदत साधारण जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि लॉच्या परीक्षा डिसेंबरात, म्हणजे निबंध आणि शिफारसपत्रं ऑक्टोबरातच तयार ठेवायची. शिफारस तुझ्या आत्ताच्या मॅनेजरकडून घे, लॉच्या प्राध्यापकाकडून नको, तो तुला फक्त नावाने ओळखत असेल. आणि निबंधात कॉर्पोरेट अमेरिकेत कायदा आणि व्यवसाय कसे गुंफलेले वगैरे नको, तुझ्या तीन वर्षांतला एक प्रोजेक्ट घे ज्यात वकिलांनी काहीतरी अडवलं आणि का अडवलं ते तुला तेव्हा कळलं नाही, तेवढंच लिही.

एलसॅटची, म्हणजे लॉच्या प्रवेश परीक्षेची, तयारी जुन्या पुस्तकातून करत असशील तर लॉजिक गेम्सचा भाग सोडून दे, ऑगस्ट २०२४ पासून तो परीक्षेतच नाही. आणि जीमॅट तू कॉलेज संपता संपता दिली होतीस असं लिहिलंयस ना, तो स्कोअर पाच वर्षंच चालतो, तारीख काढून बघ आजच.